साहेब, तुमच्या बढतीत आमचे रान कुठे?



मांजरसुंब्याच्या चौकात चहा पिताना एका शेतकऱ्याने मला विचारले, "विद्यापीठाचे साहेब आपल्या माळावर का फिरकत नाहीत? त्यांना पगार कशाचा मिळतो?"

मीही कृषी पदवीधर. माझे काही वर्गमित्र आज प्राध्यापक आहेत. तोच प्रश्न मी त्यांना विचारला. उत्तर प्रामाणिक मिळाले : "आमचे काम म्हणजे तास, परीक्षा आणि शोधनिबंध. वेळ उरला तर रान."

ही माणसे आळशी नाहीत. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली निघाले, ते शिक्षण, संशोधन आणि विस्तार या तीन कामांसाठी. आपल्याला माहीत असलेली नांदेड-४४ कपाशी आणि परभणी मोती ज्वारी याच विद्यापीठाने दिली. मग बिघडले कुठे? मापात.

ज्याचे माप घ्याल तेच वाढते, हे आपल्याला ज्वारीने शिकवले आहे. १९६४ साली सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी आली. माप धान्याचे होते, म्हणून धान्य वाढले. ताट आखूड झाले, कडबा घटला. बैल काय खाणार, हे मापात नव्हते. म्हणून रब्बीला आपण मालदांडी सोडली नाही.

प्राध्यापकांचेही तसेच झाले आहे. कोणत्या नियतकालिकात निबंध छापला याला गुण आहेत. नियतकालिकांना गुण देणारी अकादमी दिल्लीत बसते. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहतो, त्याला आपल्या रानाचे गुण मिळतात. त्याच्या गुरुजींना त्याच रानाचे किती मिळतात? मित्र सांगतात, नावापुरते. मग निबंध वाढणार आणि रान सुटणार, यात नवल काय?

२०१७ साली बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी तुटून पडली, तेव्हा आपल्याला बांधावर माणूस हवा होता. बहुतेकांना भेटला तो औषध दुकानदार. त्याची विक्री मोजली जाते, म्हणून तो हजर होता.

कोणी म्हणेल, विद्यापीठात जागा रिकाम्या आहेत, एकाच्या डोक्यावर दोघांचे तास आहेत. खरे आहे. म्हणूनच आपले भांडण प्राध्यापकाशी नाही, त्याला मोजणाऱ्या काट्याशी आहे.

जिल्हा बैठकीत पुढील मागण्यांचा ठराव मांडायचा आहे :

१. बढतीसाठी शेतकऱ्याच्या कोरडवाहू रानावर सलग तीन हंगाम केलेला प्रयोग शोधनिबंधाच्या बरोबरीने मोजावा.

२. त्यात एकरी खर्च, उत्पन्न, कडबा आणि फसलेला हंगामही लिहावा. फसला म्हणून गुण कापू नयेत. लपवला तर जरूर कापावेत.

३. त्या हिशेबावर रानाच्या मालकाची, मग तो बाप्या असो वा बाई, सही असावी.

४. रिकाम्या जागा भराव्यात.

आणि आपल्यासाठी एक अट. साहेब आले तर अर्धा एकर मुरमाड रान त्यांना द्यायचे, आणि खर्चाचा खरा आकडा सांगायचा. खोटा आकडा दिला तर खोटीच शिफारस परत येईल.

बैठकीला या. येताना गेल्या हंगामाच्या खर्चाची वही बरोबर आणा.