पडद्यामागचं बटण

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा वाद तुम्हीही पाहिला असेल. इंदूरची मावशी सांगते, नवीन बटण उजवीकडे वर आलंय. वडोदऱ्याचा भाचा म्हणतो, माझ्याकडे नाहीच. दोघांचं ॲप ताजं, व्हर्जनचा आकडाही तोच. मग कुणीतरी 'फोन बंद करून चालू कर' हा रामबाण उपाय सुचवतं. त्याने बहुधा काहीच होत नाही, कारण बिघडलेलंच काही नसतं. बटण दोघांच्याही फोनमध्ये पोचलेलं असतं. मावशीचं चालू केलंय, भाच्याचं अजून नाही, एवढंच.

या चालू-बंद खटक्याला आमच्या धंद्यात 'फीचर फ्लॅग' म्हणतात. मी वेबसाइटची दर्शनी बाजू, म्हणजे फ्रंट-एंड लिहितो. तिथे हे काम साधं असतं: पान उघडताना ब्राउझर सर्व्हरला विचारतो, या माणसासाठी कोणते फ्लॅग चालू आहेत? चालू असेल तर नवं दाखवायचं, नाहीतर जुनंच. आधी शंभरातल्या एकाला, मग पाच जणांना, मग वीस. तक्रारी आल्या की फ्लॅग बंद. नवा कोड चढवायची धावपळ नको, आणि शुक्रवारची संध्याकाळ वाचते.

हा शंभरातला एक दर वेळी नव्याने चिठ्ठी टाकून निवडत नाहीत. तसं केलं तर पान परत उघडलं की बटण गायब व्हायचं. खात्याच्या क्रमांकावरून गणिताने ० ते ९९ मधला एक आकडा काढतात. तो बदलत नाही, म्हणून मावशीला आज दिसलेलं बटण उद्याही दिसतं.

फ्रंट-एंडची खरी डोकेदुखी वेगळीच आहे. सर्व्हरचं उत्तर यायला अर्धा सेकंद उशीर झाला तर आधी जुनं पान दिसतं आणि बोट टेकणार तोच सगळं सरकतं. जिथे 'रद्द करा' होतं तिथे 'पैसे भरा' येतं. म्हणून फ्लॅगचं उत्तर पानासोबतच पाठवणं मला बरं वाटतं, पान थोडं उशिरा उघडलं तरी चालेल.

आणखी एक. ब्राउझरमध्ये गेलेला कोड कुणालाही उघडून वाचता येतो. हाँगकाँगच्या जेन मानचुन वाँग तर मोठमोठ्या ॲप्सच्या कोडमधून जाहीर न झालेल्या सोयी शोधून काढण्यासाठीच प्रसिद्ध झाल्या. तेव्हा फ्रंट-एंडचा फ्लॅग म्हणजे पडदा. ते कुलूप नव्हे. सवलत फक्त ठरावीक ग्राहकांना द्यायची असेल तर ती तपासणी सर्व्हरवरच हवी.

फ्लॅग लावायला पाच मिनिटं लागतात, काढायला मात्र कुणालाच सवड नसते. दहा फ्लॅग साचले की एकाच पानाची १०२४ रूपं शक्य होतात. ती सगळी कोण तपासणार? पडून राहिलेल्या कोडचं काय होतं याचं गाजलेलं उदाहरण ब्राउझरमधलं नाही, शेअर बाजारातलं आहे. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या कंपनीने नव्या कामासाठी एक जुनाच फ्लॅग वापरला. ८ पैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहून गेला होता. तिथे २००३ पासून वापरात नसलेला कोड तसाच पडून होता. फ्लॅग चालू होताच तो जागा झाला आणि भलत्याच ऑर्डरी सोडत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. त्या सकाळी बाजार उघडण्याआधी यंत्रणेने कर्मचाऱ्यांना धोक्याचे ९७ ईमेल पाठवले होते. त्यांची दखल घेतली गेली नाही.

म्हणून फ्लॅग लावतानाच तो काढायची तारीख आणि काढणाऱ्याचं नाव लिहून ठेवावं, या मताचा मी आहे. पण फ्लॅग काढला की जुनं पानही कायमचं जातं, आणि इथे माझी चलबिचल होते. आपल्या घरची वडीलधारी मंडळी अक्षरं वाचून नाही, जागा पाठ करून ॲप वापरतात. 'खालून दुसरं, निळं' हेच त्यांचं बटण. आमच्या पडद्यावर 'जुन्या पानावर ३ टक्के लोक' असा आकडा दिसतो, आणि त्या तीन टक्क्यांत बरेचसे आजी-आजोबाच असणार असं मला राहून राहून वाटतं. तरी तो कोड काढावा लागतोच. तो ठेवला तर उद्याचा बिघाड त्यांच्याच पैशांवर येऊ शकतो.

तेव्हा आजोबांच्या बँकेच्या साइटवर 'जुन्या रूपात पाहा' असं काही दिसत असेल, तर तो खटका काही दिवसांचाच पाहुणा आहे असं समजा. तो आहे तोवर एखाद्या रविवारी त्यांच्याशेजारी बसा, नवं पान उघडा आणि विजेचं बिल त्यांच्याच हाताने भरू द्या. अडलं तर जुन्यावर परत जाता येतं, आज तरी.