कारण खोडून मागा

गेल्या बैठकीत अमेरिकेच्या सैन्यातून काढून टाकलेल्या बायकांचा विषय निघाला, तेव्हा आमच्यातली एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, "परत सैन्यात जायचा हट्ट कशाला? बंदूक हातात घेऊन कुठली बाई मुक्त झालीय?" तेव्हा मी गप्प बसले. आता उत्तर देते.

प्रश्न बंदुकीचा नाही, कागदाचा आहे. अमेरिकेत सैन्य सोडताना डीडी-214 नावाचा दाखला मिळतो. त्यावर सेवामुक्तीचं कारण असतं आणि पुनर्भरतीचा संकेत असतो. आरई-1 म्हणजे परत घेता येईल, आरई-3 म्हणजे खास सूट मिळाली तर, आरई-4 म्हणजे दार बंद. हा मजकूर वगळलेली एक प्रतही मिळते, पण नोकरी देणारे बरेचदा पूर्ण प्रतच मागतात. म्हणजे सैन्यात परत जायचं नसलं तरी तो शिक्का बाईच्या मागे येतोच.

आता हा शिक्का बसतो कसा? बाई बलात्काराची तक्रार करते. मग झोप उडते, कामात चुका होतात, वरिष्ठांशी खटके उडतात. तिला डॉक्टरकडे पाठवतात आणि निदान येतं 'व्यक्तिमत्त्व विकार'. हा विकार भरतीच्या आधीपासूनचा धरला जातो, म्हणजे सैन्याची जबाबदारी नाही आणि अपंगत्वाची भरपाईही नाही. ह्यूमन राइट्स वॉचने 2016 च्या अहवालात अशा हकिकती मांडल्या आहेत, त्यात पुरुषांच्याही आहेत. माहितीच्या कायद्याखाली मिळवलेल्या नोंदी 2012 मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यानुसार भूदलात बायका 16 टक्के, पण या निदानावर काढलेल्यांत 24 टक्के. हवाई दलात 21 आणि 35.

मी समाजकार्य शिकलेली. केसपेपरवर असे शब्द किती सहज उतरतात ते मला ठाऊक आहे. 'सासरी जुळवून घेण्यात अडचण' असं मीही लिहिलंय, नवऱ्याच्या माराबद्दल एक ओळ न लिहिता.

दाद मागायची तर सेवामुक्तीचा फेरविचार करणाऱ्या मंडळाकडे 15 वर्षांत जाता येतं. लष्करी नोंदी दुरुस्त करणारं मंडळ वेगळं, तिथे चूक कळल्यापासून 3 वर्षं. न्यायासाठी उशीर माफ होऊ शकतो. पण दोन्हीकडे गृहीत एकच, की सरकारने केलं ते नियमानुसारच केलं. उलट सिद्ध करायचं बाईने! आणि पुरावा आणायचा कुठून, जेव्हा कितीतरी जणींनी भीतीपोटी तक्रारच नोंदवलेली नसते? ऑगस्ट 2017 मध्ये संरक्षण खात्याने मंडळांना लेखी सूचना दिली, की अशा अर्जांकडे उदारपणे पाहा, अर्जदाराची स्वतःची साक्षही पुरेशी ठरू शकते. एवढं मान्य व्हायला 2017 उजाडावं लागलं.

म्हणूनच नुसता संकेत बदलून मागणं मला पटत नाही. 4 चा 3 करून देणं मंडळाला स्वस्त पडतं, त्यात कुणाची चूक कबूल करावी लागत नाही. 'विकार' कागदावर तसाच राहतो. कारणच खोडून मागायला हवं. संकेत कारणाच्या मागोमाग येतो.

आणि हे सगळं तिकडचं, असं म्हणून सुटका नाही. आपल्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधल्या एका लेफ्टनंटला 1988 मध्ये लग्न केलं म्हणून घरी पाठवलं. नियम 1977 चा, लागू फक्त बायकांना. 1995 मध्ये तो मागे घेतला, तिची नोकरी मात्र गेली ती गेलीच. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने 2016 मध्ये तिला परत घ्या म्हटलं, तर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायालयाने नियम उघडउघड मनमानी ठरवला आणि नोकरीऐवजी 60 लाख रुपये द्यायला लावले. पस्तीस वर्षं उलटल्यावर! तिला कोण विचारणार, बंदूक कशाला हवी होती म्हणून? ती तर रोग्यांची शुश्रूषा करत होती.

या न्यायाधिकरणाचं एक खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून अर्जाची मुदत अवघी 6 महिने. तेव्हा सैन्यातली कुणी बाई आपल्या केंद्रावर आली, तर आधी आदेशाची तारीख विचारा, बाकीचं सावकाश ऐका.