उत्तरांचा ताळा

अमेरिकेंतील शाळकरी मुलांची ‘ए. पी. जागतिक इतिहास’ ही अवघड परीक्षा संपली, कीं दाराशींच उत्तरांचा ताळा सुरू होतो. ‘तुझा पर्याय कोणता?’ एवढेंच जो तो विचारतो, ‘कां?’ हें कोणीच विचारीत नाहीं. ह्यांत मुलांचा काय दोष? पर्याय निवडण्याच्या ५५ प्रश्नांस जी परीक्षा ४० टक्के गुण देते आणि ७ साधनांवरून युक्तिवाद मांडणाऱ्या निबंधास अवघे २५, तिनें दुसरें काय शिकवावें? एकाच साधनावरून दोघांनीं भिन्न निष्कर्ष काढून सप्रमाण वाद घालावा, तेथेंच इतिहासाचा खरा अभ्यास आहे. घरीं आलेल्या मुलास सुज्ञ पालकांनीं ‘किती जुळलीं?’ हें पुसूं नये. ‘कोणत्या पुराव्यावरून लिहिलेंस?’ हें पुसावें.