डिले नावाचा आळस

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. मायक्रोकंट्रोलर शिकवताना पहिल्या दिवशी डिले शिकवतात, त्याबद्दल तक्रार नाही. एलईडी लुकलुकला की पोरं खूश होतात, होऊ द्या. पण शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्येही तोच डिले दिसतो, त्याला माझा सक्त विरोध आहे.

डिले म्हणजे चिपला नुसते आकडे मोजत बसवून ठेवणं. तेवढ्या वेळात मुख्य प्रोग्रॅम दुसरं काही बघत नाही. आपल्या सोलापूरचंच घ्या. यंत्रमागावर धोटा एकदा आरपार गेला की एक पिक. मिनिटाला १२० पिक धरले तर अर्ध्या सेकंदाला एक. आता पिक मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कुणी एक सेकंदाचा डिले टाकला, तर तेवढ्यात दोन पिक हुकले. जिथे मजुरी पिकांवर ठरते, तिथे हा 'किरकोळ मुद्दा' विणकराच्या खिशातून वसूल होतो!

आणि उपाय चिपमध्येच आहे हो. इंटेलच्या १९८० सालच्या ८०५१ मध्येही दोन टायमर होते. १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर टायमर दर मायक्रोसेकंदाला एक मोजतो आणि ६५५३६ झाले की उलटतो. तो ६४५३६ पासून सुरू करा, एक मिलिसेकंदाने इंटरप्ट येईल. तिथे सेन्सर बदलला का ते बघायचं, आकडा वाढवायचा, टायमर पुन्हा भरायचा आणि बाहेर यायचं. बस्स!

सोलापुरात गिरण्या चालू होत्या तेव्हा लोक काही घड्याळाकडे टक लावून बसत नव्हते. हातातलं काम करायचे, भोंगा झाला की उठायचे. टायमर इंटरप्ट म्हणजे तोच भोंगा.

'पण इंटरप्ट अवघड, त्यातल्या चुका सापडत नाहीत' असं म्हणतात. अर्धं खरं आहे. इंटरप्टमधलं काम छोटं ठेवावं लागतं. डिस्प्लेवर छापण्यासारखी कामं मुख्य लूपमध्येच करावी लागतात. सामायिक व्हेरिएबल व्होलटाइल लागतो. ८ बिटांची चिप १६ बिटांचा आकडा दोन तुकड्यांत वाचते, म्हणून वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद ठेवावा लागतो. झाले चार नियम. तोंडी परीक्षेसाठी टायमरचे चार मोड घोकून घेता येतात, मग हे चार नियम का शिकवता येत नाहीत?

असो. पुढच्या वेळी कुणाच्या प्रोजेक्टमध्ये डिले दिसला, तर एवढंच विचारा: या वेळात काय काय बघायचं राहून गेलं?