शिशासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष हवे

दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे 1998-99 मध्ये, मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालील मुलांच्या रक्तातले शिसे मोजले गेले होते. एका डेसिलिटर रक्तात 5 मायक्रोग्रॅम शिसे आढळले तर ते कुठून येते याचा शोध घ्या, असे जागतिक आरोग्य संघटना आज सांगते. त्या तपासणीतली बहुतांश मुले या पातळीच्या वर होती. पुढे 2000 साली शिसेयुक्त पेट्रोल देशातून हद्दपार झाले आणि ते मोठेच काम झाले. मात्र त्यानंतरच्या तीन सर्वेक्षणांतून ही तपासणी गळाली आणि पेट्रोलबरोबर प्रश्नही मिटला, असे धरून चालण्यात आले. तो मिटला नव्हता. भारतातल्या सुमारे 27 कोटी 50 लाख मुलांच्या रक्तात 5 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक शिसे असावे, असा अंदाज युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ ही स्वयंसेवी संस्था यांनी 2020 मध्ये मांडला. एवढ्या मोठ्या प्रश्नावर आपण अजून अंदाजावरच विसंबून आहोत. जिथे ही मुले राहतात, तिथल्या महापालिकेच्या, नगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात या कामासाठी वेगळी तरतूद झाल्याशिवाय हे चित्र बदलणार नाही.

हे काम स्थानिक संस्थांचेच का, याचे उत्तर शिसे मुलाच्या पोटात जाते त्या वाटांमध्ये आहे. वस्तीला लागून असलेल्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडल्या जातात, आम्ल जमिनीवर ओतले जाते, प्लेटा उघड्यावर वितळवल्या जातात. तिथली धूळ बापाच्या कपड्यांतून घरी येते आणि रांगणारे मूल धुळीने माखलेला हात तोंडात घालते. कुठे हळदीला पिवळेपणा यावा म्हणून लेड क्रोमेट चोळलेले असते, कुठे जुन्या घराच्या खिडकीचा रंग पोपडे होऊन गळत असतो. कल्हईच्या कथिलात शिशाची भेसळ असू शकते. देवाला लावायचा पारंपरिक शेंदूर तर शिशाचाच ऑक्साइड. गिळलेले शिसे लहान मुलाचे शरीर प्रौढाच्या चार ते पाच पट शोषून घेते, आणि त्यातून मेंदूची जी हानी होते ती भरून येत नाही. घरातल्या रंगात 90 पीपीएमपेक्षा अधिक शिसे नको, हा नियम केंद्राने 2016 मध्ये केला आणि तो योग्यच होता. पण आधीच भिंतीवर बसलेल्या रंगापर्यंत तो पोहोचत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्याला नोटीस काढू शकते, मात्र स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा तपासायला घरात जाऊ शकते ती आशाताई किंवा पालिकेची परिचारिका.

यावर पहिला आक्षेप येईल तो प्राधान्याचा. डेंग्यू, क्षयरोग आणि कुपोषण समोर असताना हे नवे ओझे कशाला? हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. आरोग्य विभागातली रिक्त पदे सगळ्यांना दिसतात. पण शिसे कुपोषणापासून वेगळे काढता येत नाही. ज्या मुलाच्या शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी, त्याच्या शरीरात शिसे अधिक शोषले जाते. म्हणजे अंगणवाडीतली जी मुले आधीच अशक्त आहेत तीच याच्या तावडीत आधी सापडतात. त्यासाठी नवी यंत्रणाही उभारावी लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत जातातच. बोटातून घेतलेल्या दोन थेंब रक्तावर काही मिनिटांत प्राथमिक निकाल देणारे उपकरण त्यांच्याजवळ असावे आणि जास्त आकडा आलेल्या मुलाची शिरेतल्या रक्तावर फेरतपासणी व्हावी, एवढीच भर हवी. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्चायला 70,051 कोटी रुपयांची शिफारस केली, आणि प्राथमिक स्तरावरच्या निदान सुविधा हा त्यातला एक ठळक भाग होता. तेव्हा या कामाला मुळी वाटच नाही, असे म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडूनही येतो : मोजून करणार काय? रक्तातले शिसे बाहेर काढणारी औषधे साधारण 45 मायक्रोग्रॅमच्या वरच दिली जातात आणि झालेली हानी तीही उलटवू शकत नाहीत. हे खरे आहे, आणि नेमके म्हणूनच पैसा उपचाराआधी लागतो. बांगलादेशात 2019 मध्ये बाजारातल्या हळदीचे 47 टक्के नमुने शिसेमिश्रित निघाले. सरकारने बाजारपेठांत शिसे जागेवरच ओळखणारी, हाती धरायची एक्सआरएफ यंत्रे नेली, व्यापाऱ्यांना दंड केले, लोकांना सावध केले, आणि 2021 पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. उलटा धडा अमेरिकेतल्या मिलवॉकीचा. तिथल्या सरकारी शाळांत शिशाचा रंग आढळल्यावर शहराने केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेची मदत मागितली. पण एप्रिल 2025 मधल्या कपातीत त्या संस्थेतले हे काम पाहणारे पथकच गेले होते, त्यामुळे नकार आला. शहराच्या आरोग्य विभागाकडे स्वतःची माणसे होती म्हणून शाळांची तपासणी पुढे चालू राहू शकली.

म्हणूनच महापालिकांच्या स्थायी समित्यांनी आणि जिल्हा परिषदांनी येत्या अंदाजपत्रकात बाल-शिसे प्रतिबंधाचे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे. त्यात रक्ततपासणीबरोबर गृहभेटी, मसाले व भांड्यांचे नमुने आणि दूषित माती काढण्याचा खर्च धरावा. बॅटऱ्या फोडणाऱ्या कामगाराला वस्तीपासून दूर, सुरक्षित जागा देण्याची रक्कमही त्यातच असावी. त्याची रोजीरोटी तोडली तर शेड शेजारच्या वस्तीत उभी राहील आणि तिथली मुले आजारी पडतील. सुरुवात भंगार बाजार आणि बॅटरी-शेडलगतच्या अंगणवाड्यांपासून करावी आणि मिळालेले आकडे, मुलांची नावे वगळून, प्रभागनिहाय जाहीर करावेत.