झिजलेला परवडला, शिळा नको

ओहायोत स्थायिक झालेल्या माझ्या एका मित्रानं दोन वर्षांपूर्वी लिलावात निघालेला अमेरिकी लष्कराचा एम-३५ घेतला. अडीच टनी, सहाही चाकांना ताकद देणारा, १९५०च्या सुमारास सेवेत आलेल्या घराण्यातला. त्याचे टायर गोटा झाले होते. गेल्या हिवाळ्यात त्यानं मला बदली टायरांचे फोटो पाठवले. लष्करी गोदामातला माल, एकदाही न वापरलेला, बोटाचं पेर बुडेल अशी नक्षी आणि किंमत नव्याच्या निम्मी. खाली प्रश्न होता, "सोनं आहे की नाही?" मी लिहिलं, बाजूवरच्या 'डॉट' या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे वाच. आकडे निघाले ३४०४. म्हणजे २००४ सालचा चौतिसावा आठवडा.

तो नाराज झाला. त्याच्या बाजूनं बोलणारे बरेच आहेत, म्हणून पूर्वपक्ष नीट मांडतो. लष्करानं निवडलेली वस्तू टिकाऊच असते. नक्षी खोल म्हणजे आयुष्य लांब. प्लाय जितके जास्त तितका टायर मजबूत. आणि जो टायर रस्त्यावर गेलाच नाही, त्याचं वय मोजायचं कशाला? ऐकायला बिनतोड वाटतं. शिवाय त्या जुन्या आडव्या ठोकळ्यांच्या नक्षीशिवाय हा ट्रक ट्रकासारखा दिसत नाही, हेही मला मान्य आहे. दिसण्याचा मोह मी कमी लेखत नाही. पण त्याला टिकाऊपणाचं नाव देऊ नये.

सगळ्यात घोटाळा शेवटच्या मुद्द्यात आहे. रबर पडून राहिलं तरी हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला सोडत नाहीत. ओझोनपासून बचाव व्हावा म्हणून रबराच्या मिश्रणात मेण घातलेलं असतं. टायर फिरताना दबतो, फुगतो, त्या हालचालीनं मेण पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या टायरला ती मालिश मिळत नाही. म्हणून कधीच न फिरलेल्या टायरच्या बाजूंवर केसासारखे तडे दिसतात, तेव्हा नवल करायचं कारण नाही. आतल्या थरांची पकड सुटत चाललेली असते ती तर दिसतही नाही.

आपल्या एसटीचं उदाहरण घ्या. महामंडळ स्वतःच्या कारखान्यांत टायर रिमोल्ड करतं आणि त्यात शहाणपण आहे. एसटीचा टायर रोज धावतो, नक्षी लवकर संपते, पण सांगाडा अजून तरुण असतो. त्यावर नवं रबर चढवलं की पुन्हा कामाला लागतो. हौशी माणसाच्या लष्करी ट्रकाचं नेमकं उलटं होतं. वर्षातून दोन मेळावे आणि चार रविवार. नक्षी झिजायच्या आत सांगाडा म्हातारा होतो. अशा गाडीला खोल नक्षी म्हणजे ऐंशीच्या गृहस्थाला दहा वर्षं पुरतील एवढे बूट घेऊन देणं. माझ्या मित्राची गाडी टायर घासून संपवणारच नाहीये. तिचे टायर तारखेनं संपणार आहेत. मग पैसे कशाचे मोजायचे? तारखेचे.

आता लष्कराच्या निवडीबद्दल. त्या जुन्या नक्षीचं इंग्रजी नाव एनडीसीसी. ती दिशाहीन असते, म्हणजे कोणत्याही बाजूला, कोणत्याही चाकाला, कशीही चढवता येते. चाकांच्या खुणांवरून गाडी कुठे गेली हे शत्रूला कळू नये म्हणून ती काढली, असंही सांगतात. गोष्ट रंगतदार आहे. पण हिशेब पुरवठ्याचा होता. लष्कराला हजारो गाड्यांना एकच टायर पुरवायचा होता, एका टायरनं वीस वर्षं काढायची नव्हती. १९४४च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत फ्रान्समध्ये 'रेड बॉल एक्सप्रेस'चे ट्रक आघाडीला माल पोचवत होते. जास्त भार, अखंड धाव आणि सैनिकांनी रस्त्यावर टाकलेले जेवणाचे डबे यांनी टायरांचे ढीग पाडले. लष्करानं शोक केला नाही, नवे पाठवले. माझ्या मित्रामागे तसं कोठार नाही.

ती नक्षी चिखलात स्वतःला साफ करत नाही. ठोकळ्यांमधल्या खाचा भरल्या की टायर गुळगुळीत होऊन जातो. ओल्या डांबरावर तर ती जिवावर बेतते, आणि एम-३५ए२च्या ब्रेकचं तेल एकाच वाटेनं सगळ्या चाकांना जातं. ती वाट फुटली की सगळे ब्रेक गेले. अशा गाडीखाली निसरडे टायर मला तरी नकोत. गंमत अशी की १९९०च्या दशकात लष्करानंच हा ट्रक एम-३५ए३ म्हणून नव्यानं उभा केला, तेव्हा ही नक्षी टाकून सहा मोठे रेडियल बसवले. 'लष्कर करतं ते खरं' म्हणणाऱ्यांनी इतिहास अर्ध्यात का सोडावा?

प्लायबद्दल थोडक्यात. प्लाय रेटिंग हा आता भार सोसण्याचा दर्जा आहे, थरांची मोजणी सुती धाग्यांच्या काळातच राहिली. रिकामा एम-३५ सहा टनांच्या आसपास भरतो, मागच्या आठ टायरांपैकी एकेकावर अर्धा टनही येत नाही. तिथे आणखी कडक टायर घालून पाठीचे मणके तेवढे हलतील.

मग घ्यावं काय? याच वर्षी बनलेला रेडियल, आणि सगळे एकदम. या ट्रकाच्या दोन मागच्या धुरांमध्ये डिफरन्शियल नाही, दोन्ही एकाच गतीनं फिरतात. घेर थोडा जरी वेगळा पडला तरी टायर एकमेकांशी झगडत घासतात. म्हणून 'आत्ता चार घेऊ, उरलेले दिवाळीनंतर' हा आपला लाडका बेत इथे चालत नाही. खर्च जड वाटत असेल तर दहाऐवजी ११.००आर२० मापाचे सहा घ्यावेत, मागच्या चाकांची मांडणी बदलून. जोडटायरांच्या फटीत दगड अडकण्याचा त्रासही जातो. त्याहून मोठे नकोत: ए३ला इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही नवे होते, ए२ला तेवढे मोठे टायर चढवले तर गिअर जड होतो आणि आधीच अशक्त ब्रेक आणखी अशक्त. मूळ मापच ठेवायचं तर ९.००आर२०, जे आपल्या टाटा-लेलँडच्या ट्रकवाल्यांना पाठ आहे. ट्यूब मात्र रेडियलचीच. चढवल्यावर गाडी वजनकाट्यावर नेऊन प्रत्येक धुरा तोलावा आणि त्या भाराला जेवढी हवा लागते तेवढीच भरावी.

खाणीतल्या धारदार दगडांतच रोज जायचं असेल, तर जाड बाजूंचा नायलॉन टायर काप जास्त सोसतो, हे मी कबूल करतो. तोही ताजाच हवा.

आणि स्वस्तातले जुने टायर तीन वर्षांनी परत काढायचे म्हणजे टायर चाकावर धरून ठेवणाऱ्या लॉक रिंगशी पुन्हा गाठ. हवा भरताना रिंग सुटली तर समोरचा माणूस जागेवर जातो. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी त्यासाठी १९८०पासून पिंजरा बंधनकारक आहे. ते काम जितक्या कमी वेळा करावं लागेल तितकं बरं.

मित्रानं शेवटी सहा रेडियल घेतले. ते दहा टायर अजून विकायला आहेत, म्हणतो. किंमत आणखी उतरलीय, 'कोरे' हा शब्द तेवढा कायम आहे.