मनातील बोलणे

गणित सोडविताना पुटपुटणाऱ्या मुलास “तोंड मिटून कर” असे दटावण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ती आता सोडावी, असे आमचे मत आहे.

लहान मुले स्वतःशी मोठ्याने बोलतात, या गोष्टीकडे झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली लक्ष वेधले. मूल मोठे झाले की हे बोलणे लोप पावते, असे त्यांचे मत होते. सोविएत रशियातील लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी निराळा अर्थ लाविला. चित्र काढणाऱ्या मुलाला हवी ती रंगीत पेन्सिल मिळू नये, अशी योजना केली, की ते स्वतःशी अधिक बोलू लागे. म्हणजे हे बोलणे अडचणीतून वाट काढण्याचे साधन होय. ते लोप पावत नाही, अंतरात उतरते, असे त्यांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘विचार आणि भाषा’ या ग्रंथात प्रतिपादिले. इतरांशी झालेला संवादच पुढे स्वतःशी होऊ लागतो.

हे खरे असेल, तर वडीलधाऱ्यांवरील जबाबदारी मोठी आहे. “तुला काही येत नाही” हे नित्य ऐकणारे मूल उद्या तेच स्वतःस ऐकवू लागेल.

यावर स्वस्तुती हा उपाय नव्हे. कॅनडात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, “मी प्रेमास पात्र आहे” हे वाक्य घोकल्याने आत्मविश्वास कमी असलेल्यांना उलट अधिक वाईट वाटले. जे मनास पटत नाही, त्याला मन आतून प्रत्युत्तर देते. याउलट, भाषणापूर्वी स्वतःस ‘मी’ न म्हणता नावाने संबोधून विचार करणाऱ्यांची अस्वस्थता कमी झाली, असे अमेरिकेतील २०१४ सालच्या प्रयोगांत आढळले. स्वतःकडे थोडे दुरून पाहता आले, की भीतीची पकड सैल होते. समर्थ रामदासांनी ‘मनाचे श्लोक’ रचताना मनालाच समोर बसवून उपदेश केला आहे. ते शास्त्रीय प्रमाण नव्हे. परंतु ही रीत मराठी वाचकास परकी नाही, एवढे खास.

मनातील बोलण्याने प्रत्येक व्यथा दूर होईल, असे नाही. दुःख दीर्घकाळ टिकले तर वैद्यांकडेच गेले पाहिजे. परंतु गणित चुकलेल्या मुलास “कोणती पायरी चुकली, ते पाहू” असे म्हणणे प्रत्येक शिक्षकाच्या हाती आहे. हेच वाक्य पुढे त्या मुलास एकांतात सोबत करील.